जूनची शाळा सोडून सप्टेंबरच्या शाळेत: खान्देशातून मुलांसह परदेशी जाताना

खान्देशातलं शाळेचं वर्ष उन्हावर बेतलेलं असतं. मार्च लागला की सकाळची शाळा, एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, १ मेला निकाल, आणि जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा मुलं मामाच्या गावी पसार. जूनच्या मध्यात पुन्हा घंटा. ह्यूस्टन, लंडन, सिडनी किंवा टोकियोच्या शाळेला या उन्हाशी काही घेणंदेणं नाही. व्हिसा, घरभाडं आणि बॅगांचं वजन यात पालक इतके गुंतलेले असतात, की शाळेचं वर्ष जुळत नाही हे तिकडे पोचल्यावरच कळतं. तोवर एकतर पोराचे चार महिने रिकामे गेलेले असतात, नाहीतर पाचवी पास झालेला मुलगा पुन्हा पाचवीत जाऊन बसलेला असतो.

यात एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. तिकडे वर्ग मुख्यतः जन्मतारखेवरून ठरतो आणि त्यात तुमचं फारसं चालत नाही. जायची तारीख मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात असते. म्हणून डोकं लावायचं ते तारखेवर.

त्या देशाचं वर्ष कसं चालतं

अमेरिकेत एकच तारीख नाही. टेक्सास, जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मेअखेर संपते. न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडे ती सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डे सुट्टीच्या आसपास सुरू होते आणि जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालते. ‘अमेरिकेत सप्टेंबरला शाळा’ या ऐकीव माहितीवर तिकीट काढून डॅलसला गेलेलं मूल तीन आठवडे उशिरा वर्गात पोचतं. कॅनडात ओंटारिओची शाळा लेबर डेनंतर सुरू होऊन जूनअखेर संपते.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर ते जुलैचा तिसरा आठवडा अशी तीन सत्रं असतात आणि प्रत्येक सत्राच्या मध्ये आठवड्याची सुट्टी, तिला हाफ टर्म म्हणतात. स्कॉटलंड वेगळं: तिथे ऑगस्टच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. जर्मनीत सोळा राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या मुद्दाम वेगवेगळ्या तारखांना ठेवतात, प्रत्येकी साधारण सहा आठवडे. त्यामुळे ‘जर्मनीची तारीख’ विचारू नका, बव्हेरियाची की बर्लिनची ते विचारा.

ऑस्ट्रेलियात वर्ष जानेवारीअखेर सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यात संपतं, साधारण दहा-दहा आठवड्यांची चार सत्रं. सिंगापुरात जानेवारीच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरपर्यंत. जपानमध्ये एप्रिल ते मार्च. आखातातल्या भारतीय शाळाही एप्रिल ते मार्च चालतात, पण मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये येते. तिथल्याच ब्रिटिश किंवा अमेरिकन पद्धतीच्या शाळा मात्र ऑगस्टअखेर सुरू होतात. दुबईत गेलात म्हणजे काय, हे शाळा कोणत्या पद्धतीची आहे त्यावर ठरतं.

वर्ग कोणता मिळेल, हे घरीच मोजा

महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. इंग्लंडची सीमारेषा ३१ ऑगस्ट आहे, टेक्सास आणि कॅलिफोर्नियाची १ सप्टेंबर, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सची ३१ जुलै, तिथल्याच व्हिक्टोरियाची ३० एप्रिल, जपानची १ एप्रिल. ओंटारिओची आपल्यासारखीच ३१ डिसेंबर. आकडे नुसते वाचून डोक्यात बसत नाहीत, म्हणून एक उदाहरण घेऊ.

चोपड्यातल्या एका घरातली दोन चुलतभावंडं. एकाचा जन्म १० जुलै २०१५चा, दुसऱ्याचा १० ऑक्टोबर २०१५चा. दोघं एकाच बाकावर बसतात आणि दोघं एप्रिल २०२६ मध्ये पाचवी पास होतात.

इंग्लंडला गेले, तर सप्टेंबर २०२६ मध्ये ऑक्टोबरवाला इयर ६ मध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात जाईल. जुलैवाला थेट इयर ७ मध्ये, म्हणजे हायस्कुलात. वय तीन महिन्यांनी जास्त, पण वर्ग एक वर्षाने आणि शाळाच वेगळी. इयर ७ च्या जागांसाठी अर्जाची शेवटची तारीख आदल्या वर्षीची ३१ ऑक्टोबर असते आणि १ मार्चला जागा वाटून होतात. त्यामुळे जूनमध्ये पोचलेल्या जुलैवाल्याला उरलेल्या जागांतून शाळा घ्यावी लागते. घराचा भाडेकरार करण्याआधी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, ‘कोणत्या शाळेत इयर ७ ची जागा आहे’ हे विचारायचं ते यासाठी.

टेक्सासमध्ये हिशोब फिरतो. जुलैवाला सहावीत आणि ऑक्टोबरवाला वयाप्रमाणे पुन्हा पाचवीत. मात्र अमेरिकेत वयाची ही अट मुख्यतः बालवाडीच्या प्रवेशाला कडक असते. वरच्या वर्गात बाहेरून येणाऱ्या मुलाचं आधीचं प्रगतिपुस्तक बघतात. पाचवी पूर्ण झाल्याचा इंग्रजीतला स्पष्ट पुरावा असेल तर सहावीसाठी बोलता येतं. इंग्लंडमध्ये असं बोलून सहसा उपयोग होत नाही, तिथे वयाप्रमाणेच बसवतात.

ओंटारिओत दोघंही सहावीत, काहीच तंटा नाही. न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबरवाला इयर ५ च्या मध्यावर जाऊन बसेल, कारण तिथलं इयर ५ जानेवारीअखेर सुरू झालेलं आहे. जुलैवाला वयाने इयर ६ मध्ये बसू शकतो, पण तिथे अशा मुलांना एक वर्ष थांबवायची पद्धत आहे, म्हणून इयर ५ देखील मागता येतं. जपानमध्ये दोघंही पाचवीतच, कारण त्यांची पाचवी नुकतीच एप्रिलमध्ये लागलेली असते. सिंगापूरला वयाप्रमाणे प्रायमरी ५, पण परदेशी मुलांना सरकारी शाळेत शिरायला इंग्रजी आणि गणिताची एक प्रवेश परीक्षा आहे. ती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि जागा मिळाली तर पुढच्या जानेवारीत.

आपल्या मुलाचं असंच कागदावर मांडून बघा. वर्ग परत करावा लागणार असेल तर ‘वर्ष वाया गेलं’ म्हणून गळा काढू नका. मराठी माध्यमातून इंग्रजीत जाणाऱ्या मुलाला ओळखीच्या गणिताचं अर्धं वर्ष मिळणं म्हणजे भाषा पकडायला मिळालेली सवलत आहे. उलट वर्ष पुढे जाणाऱ्या मुलाची काळजी जास्त करायला हवी. त्याचे पूर्णांक, गुणोत्तर, बीजगणिताची सुरुवात असे धडे मध्येच गळतात, आणि ते गळलेत हे पहिल्या चाचणीपर्यंत कुणाला दिसत नाही.

जायची तारीख

नोकरीची तारीख कंपनी ठरवते, पण घरच्यांनी त्याच दिवशी विमानात बसलंच पाहिजे असं नाही. खान्देशातली पुष्कळ कुटुंबं आधी एकाला पाठवतात, घर लागलं की बाकीचे जातात. शाळेच्या दृष्टीने ही पद्धत चांगली आहे. फक्त मधला काळ नीट वापरला पाहिजे.

इंग्लंडला जायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचलेलं बरं. शाळा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालू असते. अभ्यास सैल झालेला असतो, खेळाचे दिवस, सहली चालू असतात. मुलाला पाच-सहा आठवडे मिळतात, दोन मित्र होतात, आणि मग सुट्टी. सप्टेंबरात तो ‘नवीन’ राहत नाही. ऑगस्टमध्ये पोचलात तर कौन्सिलची आणि शाळेची दारं अर्धी बंद असतात. बहुतेक कौन्सिलना तिथल्या पत्त्याचा पुरावा लागतो, त्यामुळे जळगावात बसून जागा पक्की करण्याची आशा धरू नका.

अमेरिकेला मात्र याच्या नेमकं उलट. मे-जूनमध्ये पोचलात तर शाळा बंद होत असतात, दोन-अडीच महिने मूल अनोळखी गावात, चार भिंतींत, मोबाइलसमोर. टेक्सासला जायचं असेल तर जुलैच्या मध्यावर आणि न्यू जर्सीला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पोचणं सोयीचं. तिथली सरकारी शाळा पत्त्यावर मिळते, त्यामुळे भाडेकरार आणि विजेचं किंवा पाण्याचं बिल हाती आल्याशिवाय नोंदणी होत नाही. त्याला दोन आठवडे धरा.

ऑस्ट्रेलियासाठी सगळ्यात चांगला मुहूर्त जानेवारीचा दुसरा आठवडा. इथलं पहिलं सत्र पूर्ण करून, दिवाळी खाऊन, निवांत जाता येतं. ते शक्य नसेल तर तिथल्या सत्राच्या सुरुवातीला धरा. तिसरं सत्र जुलैच्या मध्यात सुरू होतं. सत्राच्या आठव्या-नवव्या आठवड्यात नेऊन टाकलेलं मूल चाचण्यांच्या गर्दीत सापडतं.

आखातातल्या भारतीय शाळेत जायचं आणि इथली शाळा सीबीएसईची असेल तर मार्चअखेरची बदली जवळपास जिल्हाबदलीसारखी होते. राज्य मंडळाचं मूल मात्र मे-जूनमध्ये पोचतं तेव्हा तिथले एप्रिल-मेचे धडे होऊन गेलेले असतात. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत ते भरून काढायचे.

एक अपवाद लक्षात ठेवा. मूल पाचवीत किंवा आठवीत असेल तर वार्षिक परीक्षेआधी हलवू नका. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे आणि पुढचा वर्ग तिच्यावर अवलंबून आहे. फेब्रुवारीत निघून गेलात तर ‘पाचवी उत्तीर्ण’ हा शेरा कुठेच राहत नाही.

कागद: एप्रिलमध्येच, मे उजाडू देऊ नका

बहुतेक घोळ इथेच होतो. १ मेला निकाल लागला की शाळा रिकामी होते. मुख्याध्यापक गावी, क्लार्क लग्नसराईत, आणि जूनच्या मध्यापर्यंत सहीला माणूस सापडत नाही. म्हणून मार्चअखेरच मुख्याध्यापकांना भेटून अर्ज द्या आणि निकालाच्या दिवशीच कागद हातात घ्या.

काय काय घ्यायचं? शाळा सोडल्याचा दाखला (हा मात्र व्हिसा आल्यावरच, आणि जूनमध्ये पुन्हा शाळेत पाठवणार असाल तर निघण्याच्या आदल्या आठवड्यात), मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत गुणांचं पत्रक, बोनाफाइड, आणि जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा. हा शेवटचा कागद परदेशात कुणी मागत नाही. तो तुमच्यासाठी आहे. पुढे जात पडताळणीची वेळ आली की हाच उतारा शोधत मुलाच्या आजोबांना शाळेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. सरल किंवा यूडायस या सरकारी ऑनलाइन नोंदींतला मुलाचा क्रमांक एका कागदावर लिहून घ्या. परत आलात तर तोच लागतो.

गुणपत्रकात ‘अ-१’, ‘ब-२’ एवढंच लिहून चालत नाही, त्या श्रेणीचा अर्थ किती टक्के ते खाली लिहून घ्या. विषयांपुढे ‘गणित’ एवढं न लिहिता वर्षात काय शिकवलं त्याची आठ-दहा ओळींची यादी असेल तर तिकडच्या शिक्षकांना मुलाला कुठून सुरू करायचं ते समजतं. शाळा लिहून देत नसेल तर पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेचं इंग्रजी करून त्यावर सही-शिक्का मागा. त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

नावाची गंमत वेगळीच. आपल्या दाखल्यावर ‘पाटील यश संजय’ असं आडनाव आधी येतं. पासपोर्टवर ‘यश संजय’ एकीकडे आणि ‘पाटील’ दुसरीकडे. तिकडची लिपिका पहिलं दिसेल ते नाव धरते आणि मुलगा वर्षभर हजेरीत ‘पाटील’ म्हणून हाक ऐकतो. इंग्रजी प्रत काढताना नाव पासपोर्टच्या क्रमानेच लिहून घ्या, आणि तारखेत महिना अक्षरांत लिहा. ०५/०८ म्हणजे आपल्याकडे ५ ऑगस्ट, अमेरिकेत ८ मे. जन्मतारखेवर वर्ग ठरतो तिथे ही चूक महागात पडते.

जन्माचा दाखला ग्रामपंचायतीचा आणि फक्त मराठीत असेल तर इंग्रजी-मराठी दुहेरी प्रत आत्ताच काढा. नावाचा रकाना कोरा असलेले दाखले खेड्यांत अजून निघतात, तेही तपासा.

शिक्क्यांचं थोडक्यात असं. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी शाळा दाखल्यावर सहसा शिक्के मागत नाहीत, त्यांना पासपोर्ट, जन्मदाखला, पत्ता आणि लसींची नोंद पुरते. अमिरात, कतारसारख्या देशांत साखळी मोठी असते: शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट हातात घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. जिल्हा परिषदेची सही जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला एका फेरीत झाली तर नशीब समजा. दोन फेऱ्या धरून चला, आणि दाखल्यावरची मुख्याध्यापकांची सही शिक्षण विभागाकडच्या नमुन्याशी जुळते ना हे शाळेतच विचारून घ्या.

मूळ दाखला एकदाच मिळतो, नंतरच्या प्रतीवर ‘द्वितीय प्रत’ असा शिक्का येतो. तेव्हा जिथे छायांकित प्रत चालते तिथे मूळ देऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, व्हिसा मंजूर होऊन हातात आल्याशिवाय दाखला काढू नका. व्हिसा लांबला तर मूल ना इथलं ना तिथलं.

लसी, किमान चार महिने आधी

कागदांसोबत हे चालू करा, कारण याला वेळ लागतो आणि तो कमी करता येत नाही. अमेरिकेतल्या शाळा गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर), कांजिण्या, हिपॅटायटिस बी, पोलिओ, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात यांची नोंद मागतात. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला असते, गालगुंड नसतो. शिवाय नवव्या महिन्यात दिलेला डोस अमेरिकेत धरतच नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचं कार्ड पूर्ण भरलेलं असलं तरी मुलाला एमएमआरचे एक किंवा दोन डोस लागू शकतात, त्यांत किमान २८ दिवसांचं अंतर. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, तेरा वर्षांखालच्या मुलांना तिच्या दोन डोसांत तीन महिने ठेवतात. चार महिने म्हटलं ते या हिशोबाने. तोंडावाटे दिलेले पोलिओचे डोस एप्रिल २०१६ नंतरचे असतील तर अमेरिकेत मोजत नाहीत, तिथे इंजेक्शनचे डोस बघतात.

क्षयाविरुद्धची बीसीजी लस घेतलेल्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि उगाच घबराट होते. तिथे त्वचेऐवजी रक्ताची चाचणी मागा. जर्मनीत मार्च २०२० पासून शाळेसाठी गोवरप्रतिबंधाचा पुरावा सक्तीचा आहे. इंग्लंडमध्ये लस नाही म्हणून शाळा नाकारत नाहीत. बालरोगतज्ज्ञांकडून सगळ्या डोसांची तारीखवार इंग्रजी यादी सही-शिक्क्यानिशी करून घ्या, त्यातही महिना अक्षरांत.

मधले रिकामे महिने

एप्रिलअखेर ते ऑगस्ट, असे सव्वातीन-चार महिने अमेरिकेला जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला येतात. मे महिना त्याला मनसोक्त उंडारू द्या. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके, आमरस, खापरावरचे मांडे, गच्चीवरचे पापड-कुरडया, हे पुढची काही वर्षं त्याला मिळणार नाही. का मिळणार नाही ते पुढे येईलच.

जूनच्या मध्यात शाळा उघडली की मात्र त्याला नेहमीच्या शाळेत पाठवा. पुष्कळ पालक ‘आता जायचंच आहे’ म्हणून पोराला घरी बसवतात. त्याने झोप बिघडते, लिहिण्याचा हात मोडतो आणि पहिल्याच महिन्यात मूल कंटाळून चिडचिडं होतं. जून-जुलैचे चार-सहा आठवडे पुढच्या इयत्तेचं गणित त्याच्या कानावर पडतं, तेही मराठीत, कळणाऱ्या भाषेत. दाखला प्रवासाला निघण्याच्या आदल्या आठवड्यात घ्यायचा. मुख्याध्यापकांना आधी कल्पना दिलेली असेल तर अडचण येत नाही.

संध्याकाळी रोज तासभर वेगळी तयारी करा. गणिताचे शब्द इंग्रजीत: बेरीज-वजाबाकी येत असलेलं मूल शाब्दिक उदाहरणात ‘किती उरले’ कसं विचारलंय ते न कळल्याने अडतं. वीस-पंचवीस नेहमीची वाक्यं पाठ नको, बोलून घ्या: मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का, बाथरूमला जाऊ का, माझं पोट दुखतंय. अमेरिकेला जाणाऱ्यांनी इंच-फूट-पाउंड आणि फॅरनहाइटची तोंडओळख करून द्यावी. याहून जास्त कोचिंग लावू नका, त्याचा उपयोग कमी आणि धसका जास्त.

पोचल्यावर

शाळा सुरू होण्याआधी किमान दहा दिवस तिथे असा. झोपेचं घड्याळ फिरायला लहान मुलाला साधारण आठवडा लागतो. इंग्लंडमध्ये जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि आठला झोपायची सवय असलेलं मूल टक्क जागं राहतं. जाड पडदे पहिल्याच आठवड्यात लावा. डिसेंबर-जानेवारीत उलट, चारला अंधार. ‘शाळेतून आल्यावर खेळायला जा’ हे आपलं पालुपद तिथे हिवाळ्यात चालत नाही.

शाळेचं वार्षिक कॅलेंडर पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने उतरवा. नुसत्या मोठ्या सुट्ट्या नकोत. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस, अर्ध्या दिवसाच्या शाळा, पालकभेटीचे दिवस हेही लिहा. दोघं नोकरी करणाऱ्या घराची धावपळ याच सुट्या सुट्या दिवसांनी होते, कारण तिथे शेजारच्या काकूंकडे मूल टाकून जायची सोय नसते. शेजारी एका ओळीत गावाकडच्या तारखा: सहामाही, दिवाळीची सुट्टी, वार्षिक परीक्षा. चुलतभावंडांना फोन कधी करायचा नाही हे त्यावरून समजतं. घड्याळही बदलतं. लंडन आणि जळगावमधलं अंतर उन्हाळ्यात साडेचार तास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. आजीचा नेहमीचा फोन त्या दिवशी तासभर चुकतो.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये घरी कोणती भाषा बोलता हा प्रश्न असतो. काही जण ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात, मुलाला कमी लेखतील या भीतीने. त्यामुळे भाषेची मोफत मदत हातची जाते. मराठीच लिहा. घरात अहिराणी चालत असेल तर तेही शिक्षकांना तोंडी सांगा, मूल कधीकधी तिसऱ्याच भाषेतून विचार करत असतं.

सुट्ट्या आणि गावची चक्कर

खरं दुखणं इथे आहे. अखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. इंग्लंडची इस्टरची सुट्टी बहुतेक वर्षी तोवर संपलेली असते, अमेरिकेत शाळा चालू असते, ऑस्ट्रेलियात दुसरं सत्र लागलेलं असतं. अखाजीला माहेरी येणं शाळकरी मुलं असलेल्या घराला जवळपास बंदच होतं. त्याऐवजी कानबाई, म्हणजे खान्देशातला श्रावणातला देवीचा उत्सव, धरा. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती बसते, म्हणजे इंग्लंडच्या उन्हाळी सुट्टीत नेमकी सापडते. फक्त अधिक महिना कोणत्या वर्षी आहे ते बघा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने कानबाई २३ ऑगस्टला आहे. इंग्लंड आणि न्यू जर्सीवाल्यांना ती मिळते, टेक्सासवाल्यांची शाळा तोवर सुरू झालेली असते. ऑस्ट्रेलियावाल्यांना डिसेंबर-जानेवारी मिळतो. भरताची वांगी ऐन बहरात, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. तक्रार करायला जागा नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर इथली भावंडं शाळेत असतात. मूल दिवसभर आजीच्या ओट्यावर एकटं बसतं आणि ‘गावाला मजा नाही’ असं ठरवून टाकतं. मुक्काम असा बेता की दोन-तीन शनिवार-रविवार मध्ये येतील. मुंबईहून जळगाव-भुसावळची रेल्वे आरक्षणं ६० दिवस आधी उघडतात, विमानाचं तिकीट निघाल्याबरोबर ती तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा.

दिवाळीसाठी रजा काढताना जपून. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना आता दिवाळीची सुट्टी असते, पण बाकी बहुतेक ठिकाणी नाही. इंग्लंडमध्ये दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो, २१ दिवसांत न भरल्यास १६०. आई, वडील, दोन मुलं म्हणजे ३२० पौंड. आणि ‘लग्न आहे’ हे कारण मुख्याध्यापक मान्य करतीलच असं नाही, मग ते सख्ख्या मामाचं का असेना. जर्मनीत शाळेची सक्ती याहून कडक. अमेरिकेत काही जिल्ह्यांत सलग दहा-पंधरा दिवस गैरहजर राहिल्यास नावच कमी करतात. एक-दोन दिवसांची धार्मिक सणाची रजा मात्र आधी पत्र दिलं तर बहुतेक शाळा देतात. दिवाळी शनिवार-रविवारला जोडून आली तर तेवढीच मागा.

नववी-दहावी असेल तर

शक्यतो हलवू नका. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते. इंग्लंडमध्ये इयर १० आणि ११ मिळून दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, मध्येच आलेल्या मुलाला निम्मा भाग चुकलेला असतो. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे दहावी देऊन मेमध्ये निकाल घ्यावा आणि सप्टेंबरमध्ये तिथे पुढच्या टप्प्याला लागावं. अमेरिकेत नववीपासूनचे गुण महाविद्यालयाच्या अर्जापर्यंत सोबत जातात, म्हणून नववीचं विषयवार गुणपत्रक बंद लिफाफ्यात, शाळेच्या शिक्क्यासह न्या. न्यू साउथ वेल्सच्या बारावीलाही एचएससीच म्हणतात, एजंटाशी बोलताना कोणती एचएससी ते स्पष्ट करून घ्या.

मुलाला पुढे महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या कोट्यातून जायचं असेल तर अधिवासाबरोबर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. हा निर्णय आठवीतच घ्यावा लागतो, बारावीत नाही.

परत यायचं ठरलं तर

अमेरिकेहून परतणं सर्वांत सोपं, मे-जूनमध्ये तिकडचं वर्ष संपतं आणि जूनच्या मध्यात इथलं सुरू होतं. इंग्लंडहून जुलैअखेर आलात तर इथले सहा आठवडे गेलेले असतात, पहिल्या चाचणीपर्यंत भरून निघतात. ऑस्ट्रेलियाहून डिसेंबरात परतलेलं मूल वयाच्या वर्गात बसवलं तर थेट दुसऱ्या सत्रात येतं. वर म्हटलेला ऑक्टोबरवाला तिथे इयर ५ संपवून आला, तर इथे त्याचे सोबती सहावीच्या मध्यावर असतात.

आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. अडचण येते ती मराठीची. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, आणि तीन वर्षं जोडाक्षर न लिहिलेलं मूल तिथेच अडखळतं. दोन-तीन वर्षांत परतायचा विचार असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर त्या त्या इयत्तेची पुस्तकं फुकट उतरवता येतात. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास गणित आणि अर्धा तास मराठी श्रुतलेखन. रोजचं ठरवलं तर महिन्यात बंद पडतं. तिकडची सुट्टी लागेल तेव्हा इथल्या सत्राचे धडे कुठवर आलेत ते भावंडांना विचारून पुस्तकात खूण करून ठेवा.